पडझडीचे वाचन : हिंक्स्टनच्या जिवाणू विभागाचा इतिहास

सँगर संस्था जिवाणूंसाठी निघालीच नव्हती. 1992 साली वेलकम ट्रस्ट आणि ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल यांनी मिळून ती काढली ती माणसाचा जनुकसंच वाचण्यासाठी, आणि त्याची रंगीत तालीम म्हणून मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीचा जनुकसंच पुरा करण्यासाठी. केंब्रिजच्या दक्षिणेला हिंक्स्टन नावाचे खेडे आहे. तिथल्या हिंक्स्टन हॉल या जुन्या हवेलीच्या आवारात पूर्वी धातुसंशोधनाच्या प्रयोगशाळा होत्या. त्याच जागेत संस्थेने बस्तान मांडले. पहिले संचालक जॉन सल्स्टन. 4 ऑक्टोबर 1993 रोजी फ्रेड सँगर यांनी स्वतः येऊन उद्घाटन केले. संस्थेला नाव द्यायला त्यांनी होकार दिला, तो काम चांगलेच झाले पाहिजे, अशी तंबी देऊन. रसायनशास्त्राची दोन नोबेल पारितोषिके मिळवून निवृत्तीनंतर बागेत रमलेल्या माणसाला अशी तंबी देण्याचा अधिकार होताच.

संस्थेचा सगळा इतिहास सांगण्याचा इथे इरादा नाही. मानवी जनुकसंचाची कथा आता शाळकरी पुस्तकांतही येते. त्याच आवारात, मोठ्या प्रकल्पाच्या सावलीत, एक छोटी तुकडी जिवाणू वाचत बसली होती. क्षय, कुष्ठ, प्लेग, विषमज्वर, डांग्या खोकला, कॉलरा : तिने हाती घेतलेल्या रोगांची नावे वाचली, तर ही परदेशी संस्थेची यादी आहे की आपल्याकडच्या शंभर वर्षांपूर्वीच्या नगरपालिकेचे मृत्यूंचे रजिस्टर, असा प्रश्न पडावा. म्हणून या स्मरणिकेत जागा मागायची ती त्या तुकडीसाठी.

तुकडीचे मूळ पुरुष बार्ट बॅरल. 1960 च्या दशकात ते शाळा संपवून थेट सँगर यांच्या हाताखाली मदतनीस म्हणून लागले आणि पुढे आयुष्यभर डीएनए वाचत राहिले. 1977 साली फायएक्स-174 या विषाणूचा जनुकसंच संपूर्ण वाचला गेला, पाच हजारांवर अक्षरांचा. त्यात बॅरल होते. 1981 साली मानवी मायटोकॉन्ड्रियाची 16,569 अक्षरे वाचली गेली, त्यातही होते. 1984 साली एपस्टाइन-बार विषाणूची पावणेदोन लाखांच्या घरातली अक्षरे पुरी झाली, तेव्हाही हेच. हाताने जेल ओतायचे, किरणोत्सारी फॉस्फरसने उमटलेल्या पट्ट्या फिल्मवर पाहायच्या आणि ए, सी, जी, टी अशी अक्षरे एकेक करून उतरवायची, हा त्यांचा धंदा. पदव्यांच्या उतरंडीत हा माणूस कुठे बसवायचा हे कुणालाही चटकन सांगता आले नसते. मला तर वाटते, हिंक्स्टनच्या पुढच्या यशात यंत्रांइतकाच वाटा हाताला सवय असलेल्या अशा माणसांचा आहे. संस्थांच्या इतिहासांत संचालकांची छायाचित्रे छापली जातात, जेल ओतणाऱ्यांची सहसा नाही.

जिवाणूंच्या बाबतीत पहिला मान मात्र हिंक्स्टनला मिळाला नाही. जुलै 1995 मध्ये अमेरिकेत क्रेग व्हेंटर, हॅमिल्टन स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीमोफिलस इन्फ्लुएन्झी या जिवाणूचा पूर्ण जनुकसंच प्रसिद्ध केला : 18,30,137 अक्षरे. स्वतंत्रपणे जगणाऱ्या जिवाचा पहिला संपूर्ण जनुकसंच तो. त्यांची पद्धत धाडसाची होती. नकाशा वगैरे न करता सगळ्या डीएनएचे बारीक तुकडे करायचे, ते आंधळेपणाने वाचायचे आणि टोकांची अक्षरे जुळतात तिथे संगणकाकडून ते जोडून घ्यायचे. हे जमते म्हटल्यावर साऱ्या रोगजंतूंची दारे उघडली. वेलकम ट्रस्टने बेओवुल्फ जीनोमिक्स या नावाची योजना काढून रोगजंतूंच्या वाचनाला पैसा दिला आणि बॅरल यांच्याभोवती विभाग उभा राहिला. ज्युलियन पार्कहिल तिथे आले, आणि पुढे विभागाची धुरा त्यांच्याकडेच गेली.

पहिला मोठा ग्रंथ क्षयाचा. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतले स्ट्युअर्ट कोल आणि हिंक्स्टनची तुकडी यांनी तो मिळून वाचला आणि 11 जून 1998 च्या ‘नेचर’मध्ये छापला. निवडलेला वाण एच37आरव्ही. त्याची कुळकथा 1905 पर्यंत जाते. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रूडो सॅनेटोरियममधल्या एका 19 वर्षांच्या रुग्णापासून तो वेगळा केलेला. तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांत त्याच्या पिढ्यांवर पिढ्या वाढवल्या गेल्या. 44,11,529 अक्षरे, सुमारे 4,000 जनुके. त्या जनुकांत सर्वांत आधी डोळ्यांत भरली ती स्निग्ध पदार्थांशी संबंधित विकरांची संख्या. एश्चेरिशिया कोलाय या आतड्यातल्या जिवाणूत अशी सुमारे 50 विकरे, तर क्षयाच्या जंतूत सुमारे 250. हा जंतू काय खाऊन जगतो आणि कसली कातडी पांघरतो, हे त्या आकड्यातच दिसले. माणसाच्या शरीरात शिरल्यावर तो आपल्याच पेशींच्या चरबीवर ताव मारतो. शिवाय पीई आणि पीपीई अशी टोपणनावे मिळालेल्या प्रथिनांची दोन भली मोठी कुटुंबे सापडली. एकूण जनुकांच्या मजकुरापैकी जवळपास दहा टक्के जागा त्यांनी अडवलेली. त्यांचे काम काय, यावर अजून वाद आणि प्रबंध दोन्ही चालू आहेत.

जनुकसंच ‘वाचला’ असे आपण एका शब्दात म्हणून टाकतो. त्यामागचे काम दोन तऱ्हांचे होते, आणि दोन्ही कंटाळवाणे. पहिले फिनिशिंगचे. यंत्राने दिलेल्या तुकड्यांतून जोडलेल्या लांब पट्ट्या तयार होत, पण त्यांच्यामध्ये खिंडारे राहत. एकसारखी आवर्तने असली की संगणक चकायचा. मग माणसे बसून खिंडारामागून खिंडार बुजवत. दुसरे ॲनोटेशनचे, म्हणजे कुठून कुठपर्यंत जनुक आहे, ते दुसऱ्या कुठल्या जनुकासारखे दिसते, त्याचे काम काय असावे, हे एकेक करून ठरवण्याचे. यासाठी त्यांनी आर्टेमिस नावाची संगणकप्रणाली तयार केली आणि 2000 साली ती सर्वांना फुकट देऊन टाकली. जनुकसंच पडद्यावर उलगडून हाताने खुणा करण्याची सोय त्यात होती. यंत्राने सुचवलेली नावे मान्य करायची नाहीत, स्वतः पाहायचे, असा या विभागाचा बाणा होता. त्या चिकाटीचे फळ पुढच्या तीन-चार वर्षांत मिळाले, कारण जे सापडायचे होते ते यंत्राच्या नजरेतून सुटणारे होते.

2000 साली कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी आला. कोंबडीच्या आतड्यात सुखाने राहणारा आणि माणसाच्या पोटात गेला की हगवण लावणारा हा जंतू. जनुकसंच लहान, 16,41,481 अक्षरांचा. पण काही जागी वाचन जुळेना. एकाच वाढीतून घेतलेल्या डीएनएत कुठे सलग नऊ जी, कुठे दहा, कुठे अकरा. ही यंत्राची चूक नव्हती. खरोखरच त्या जागी जंतूंच्या जमावात मतभेद होते. एक अक्षर इकडेतिकडे झाले की जनुक बंद पडते, पुढच्या पिढीत पुन्हा एक घसरले की सुरू होते. आणि अशी जनुके बहुतेक पृष्ठभागावरच्या साखरांची, म्हणजे यजमानाच्या प्रतिकारशक्तीला जे अंग दिसते नेमकी त्याची. एका जंतूचा जनुकसंच म्हणून जे छापले जाते ती प्रत्यक्षात जमावाची सरासरी असते, हे इतक्या ठळकपणे पहिल्यांदाच दिसले.

त्यानंतर कुष्ठ. या प्रकरणावर थोडे रेंगाळायला हवे.

हान्सेन यांनी नॉर्वेत 1873 साली कुष्ठाचा जंतू पाहिला. पण आजतागायत तो बशीत वाढवता आलेला नाही. सुमारे दोन आठवड्यांत एकदा दुभंगणारा हा आळशी जीव नऊ पट्ट्यांच्या आर्माडिलोत तेवढा भरपूर वाढतो, कारण त्या प्राण्याचे अंग थंड. हिंक्स्टनला आलेला डीएनए असाच आर्माडिलोतून काढलेला, आणि वाणाचे नाव टीएन. हा टीएन म्हणजे तमिळनाडू. मूळ रुग्ण तिथला. पुन्हा कोल आणि हिंक्स्टन अशी जोडी, आणि फेब्रुवारी 2001 मध्ये ‘नेचर’मध्ये निकाल : 32,68,203 अक्षरे. क्षयाच्या जंतूचा हा सख्खा नातलग, पण त्याच्यापेक्षा अकरा लाखांहून अधिक अक्षरांनी लहान. कामाची जनुके 1,604. आणि मोडकी, म्हणजे मध्येच थांब-खूण आलेली, अक्षरे गळालेली, पण अजून ओळखता येणारी अशी 1,116. शास्त्रीय परिभाषेत त्यांना छद्मजनुके म्हणतात. जनुकसंचाचा निम्मासुद्धा भाग प्रथिने बनवण्याच्या कामी येत नव्हता. क्षयाच्या जंतूत हेच प्रमाण 90 टक्क्यांच्या वर आहे.

पडक्या वाड्याच्या जोत्यावरून माजघर कुठे होते, कोठीघर कुठे, न्हाणी कुठे हे जाणत्याला सांगता येते, तसे हे वाचन झाले. श्वसनाच्या साखळीतल्या कड्या गेलेल्या, लोह गोळा करण्याची सोय गेलेली, अनेक अन्नघटक तोडून त्यांतून ऊर्जा काढण्याच्या वाटा बुजलेल्या. हजारो वर्षे माणसाच्या मज्जातंतूंच्या पेशींत राहून या जंतूने एकेक धंदा बंद केला, कारण यजमान सगळे आयते पुरवत होता. सव्वाशे वर्षे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ ज्या प्रश्नाशी झटत होते, हा बशीत का वाढत नाही, त्याचे उत्तर त्याच्या जनुकांच्या यादीत नव्हते. ते यादीतल्या गळतीत होते. आणि यंत्राने काढलेल्या यादीत मोडके जनुक ‘जनुक नाही’ म्हणून वगळले गेले असते. ते मोडके म्हणून ओळखायला समोर माणूस बसलेला लागतो, म्हणूनच आर्टेमिसचा उल्लेख वर मुद्दाम केला.

त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात प्लेग. निवडलेला वाण सीओ92, अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात 1992 साली मांजरापासून प्लेग लागून दगावलेल्या एका रुग्णाकडून मिळालेला. मराठी वाचकाला प्लेग म्हटले की कोलोरॅडो आठवत नाही. आठवते ते 1896 च्या पावसाळ्यानंतरचे मांडवी बंदर, पुण्यातली घरझडती, 22 जून 1897 ची रँडची हत्या, आणि त्याआधी 10 मार्चला प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेलेल्या सावित्रीबाई फुले. जानेवारी 1897 मध्ये हाफकिन यांनी मुंबईत आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली, त्या वेळी हा रोग पसरतो कसा हेही नीट ठाऊक नव्हते. उंदराच्या पिसवेचा धागा पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत 1898 साली पकडला.

मग शंभर वर्षांनी जनुकसंच उघडला तर त्यात काय दिसावे? सुमारे 46 लाख अक्षरे, शिवाय तीन प्लाझ्मिडे, म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरची डीएनएची छोटी वर्तुळे, आणि 149 छद्मजनुके. प्लेगच्या जंतूचा पूर्वज आतड्यात राहणारा, यर्सिनिया स्यूडोट्युबर्क्युलोसिस. त्याने पोट बिघडते, माणूस सहसा मरत नाही. आतड्याच्या भिंतीला चिकटण्यासाठी त्या पूर्वजाला जी जनुके लागत, ती प्लेगच्या जंतूत जागेवर आहेत पण मोडलेली. आतडे सोडून दिल्यावर ती कशाला हवीत? नव्याने काय मिळवले, तेही तिथेच होते. एका प्लाझ्मिडावर पिसवेच्या पोटात तगून राहण्यासाठी लागणारे जनुक, आणि मुख्य गुणसूत्रावर कीटकांना मारणाऱ्या विषांसारखी दिसणारी जनुके. सिमाँ यांनी मेलेल्या उंदरांवरून जे ताडले, ते जंतूच्या पोटात कागदोपत्री नोंदलेलेच होते.

त्याच महिन्यात विषमज्वराचा जंतू, साल्मोनेला टायफी, वाण सीटी18, व्हिएतनाममधला, बहुतेक औषधांना दाद न देणारा. 204 छद्मजनुके. ‘नेचर’च्या त्याच अंकात अमेरिकन गटाने त्याचा चुलतभाऊ टायफिम्युरियम छापला, त्यात 39. टायफिम्युरियम उंदीर, गाय, कोंबडी, माणूस, मिळेल त्याच्या पोटात राहतो. टायफी फक्त माणसात. दोन वर्षांनी बोर्डेटेल्ला या कुळातल्या तीन जातींची तुलना झाली, तेव्हाही तोच नमुना : अनेक सस्तन प्राण्यांत वावरणाऱ्या जातीचा जनुकसंच 53 लाख अक्षरांचा, तर फक्त माणसाला डांग्या खोकला लावणाऱ्या जातीचा 41 लाखांचा, आणि त्यात उड्या मारणाऱ्या एकाच छोट्या तुकड्याच्या दोनशेहून अधिक प्रती इकडेतिकडे घुसून बसलेल्या.

हिंक्स्टनच्या विभागाने विज्ञानाला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट कुठली, असे विचारले तर माझे उत्तर हे आहे. घातक जंतू म्हणजे काहीतरी जास्तीची हत्यारे मिळवलेला जंतू, अशी आपली समजूत होती. ती खोटी नव्हती, हत्यारे असतातच. पण एका यजमानाशी बांधले जाण्याची किंमत जंतू आपल्या जनुकांनी चुकवतो, आणि जितका तो यजमानात गुंतत जातो तितका मोडत जातो, हे एकामागून एक जनुकसंच वाचून या लोकांनी दाखवले. नाव घेण्यासारखा एकच शोध, एकच दिवस असा त्यात नाही. म्हणूनच कदाचित त्याला पारितोषिके मिळत नाहीत.

सल्स्टन यांच्या काळात घातलेली एक शिस्तही सांगायला हवी. वाचलेली अक्षरे लेख छापून होईपर्यंत कुलपात ठेवायची नाहीत, ती रोजच्या रोज जगाला खुली करायची. मानवी जनुकसंचासाठी हा ठराव 1996 साली बर्म्युडात झाला आणि खाजगी कंपनीशी झालेल्या शर्यतीत तो गाजला. जिवाणू विभागानेही तीच रीत पाळली. अर्धवट जुळलेले क्षयाचे तुकडेसुद्धा कुणीही उतरवून घेऊ शकत असे. यातून फायदा कुणाचा झाला? ज्यांच्याकडे यंत्र नव्हते पण प्रश्न होते त्यांचा. भारतातल्या कितीतरी प्रयोगशाळांनी क्षयाच्या जनुकांवर काम सुरू केले ते एक रुपयाही न मोजता मिळालेल्या या मजकुरावर.

2006-07 च्या सुमारास सगळे उलटेपालटे झाले. केंब्रिजमध्येच, शंकर बालसुब्रमण्यन आणि डेव्हिड क्लेनरमन यांच्या कल्पनेतून निघालेली सोलेक्सा कंपनीची पद्धत बाजारात आली. कंपनी पुढे इल्युमिनाने घेतली. एक जनुकसंच पुरा करायला जिथे वर्षे लागत, तिथे आठवड्यात डझनांनी होऊ लागले. फिनिशिंगची माणसे, खिंडारे, मुद्दाम निवडलेला एकच वाण, हे सगळे मागे पडले. 2010 साली सायमन हॅरिस आणि सहकाऱ्यांनी एमआरएसए या मुजोर स्टॅफिलोकॉकसच्या एकाच वंशाचे 63 नमुने वाचून दाखवले की जंतू खंडांमधून कसा फिरला हे अक्षरांच्या फरकावरून सांगता येते, इतकेच काय, एकाच रुग्णालयात कुणाकडून कुणाकडे गेला हेही.

त्याची कसोटी केंब्रिजमधल्या एका नवजात अर्भकांच्या कक्षात लागली. अर्भकांत एमआरएसए सापडत होता. मग सलग 64 दिवस कुणालाही नाही, आणि नंतर अचानक एक नवा रुग्ण. नेहमीच्या चाचण्यांनी तो वेगळाच म्हटला असता. जनुकसंचाने सांगितले, तोच वंश. म्हणजे मधल्या काळात तो कुणाच्या तरी अंगावर राहत होता. 154 कर्मचाऱ्यांची तपासणी झाली, त्यातल्या एकाजवळ तो मिळाला, त्याच्यावर उपचार झाले. साथ चालू असताना जनुकसंच वाचून ती रोखायला मदत झाल्याच्या सुरुवातीच्या उदाहरणांपैकी हे एक. त्या कर्मचाऱ्याचे नाव कुठेही छापले नाही, हेही बरेच झाले.

2011 साली कॉलरा. अंकुर मुतरेजा आणि सहकाऱ्यांनी 154 वाण वाचले आणि सातव्या जागतिक साथीचा वंशवृक्ष मांडला. त्याची मुळे बंगालच्या उपसागराकडे गेली. तिथून एकमेकींवर चढणाऱ्या किमान तीन लाटा जगभर पसरल्या, आणि मधल्या काळात औषधांना न जुमानणारी जनुके घेऊन पुढे निघाल्या. कॉलराचे विष आहे हे 1959 साली कोलकात्यात शंभूनाथ डे यांनी दाखवले होते. त्याच प्रदेशाकडे झाडाचे बुंधे वळावे यात आश्चर्य नव्हते.

इथे एक कुरकूर नोंदवतो. टीएन तमिळनाडूचा, सीटी18 व्हिएतनामचा, कॉलराचे वाण बंगालचे, आणि वाचन, लेख, छायाचित्र हिंक्स्टनचे. रोग एकीकडे आणि यंत्र दुसरीकडे अशी ही वाटणी वीस वर्षे तरी चालली. संस्थेच्या लोकांना हे कळत नव्हते असे नाही. पुढे प्रशिक्षणवर्ग परदेशांत जाऊन भरवले गेले, न्यूमोकॉकसच्या जागतिक पाहणीत 20,000 हून अधिक जनुकसंच जमले तेव्हा देशोदेशीच्या प्रयोगशाळा भागीदार होत्या आणि बंगळुरूच्या केम्पेगौडा वैद्यकीय महाविद्यालयातली प्रयोगशाळा त्यात होती. मुंबईच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चसारख्या संस्था ऑक्सफर्डने चालवलेल्या क्षयाच्या अशाच एका मोठ्या संघात उतरल्या. तरी हे आधी व्हायला हरकत नव्हती.

मध्येच एक वेगळे प्रकरण. लंडनमध्ये 1920 साली सुरू झालेल्या जिवाणूंच्या राष्ट्रीय संग्रहात, एनसीटीसीत, पहिल्या क्रमांकाची कुपी आहे शिगेल्ला फ्लेक्स्नेरीची. ती पहिल्या महायुद्धातल्या एका साध्या शिपायाची आठवण आहे. 1915 साली फ्रान्सच्या विमेर गावातल्या इस्पितळात तो अतिसाराने गेला. 2014 साली केट बेकर आणि सहकाऱ्यांनी तो जंतू जागवून वाचला. पेनिसिलिनचा शोध लागायच्या तेरा वर्षे आधीचा हा जंतू पेनिसिलिनला दाद देत नव्हता. शंभर वर्षांत त्या वंशाच्या जनुकसंचात फार थोडा फरक पडला होता, पण पडला तो औषधप्रतिकाराच्या आणि तीव्रतेच्या दिशेने. नंतर या संग्रहातले सुमारे 3,000 वाण वाचायचे काम हिंक्स्टनने अंगावर घेतले.

रोगजंतूंपलीकडे जाणे उशिरा झाले. ट्रेव्हर लॉली यांच्या गटाने 2016 साली दाखवले की आपल्या आतड्यातले जे जिवाणू वाढवता येत नाहीत अशी समजूत होती, त्यांतले बरेचसे नीट अन्न दिले तर बशीत वाढतात. 137 जाती त्यांनी वाढवून दाखवल्या, आणि त्यांतले अनेक बीजाणू करून उघड्या हवेत तग धरतात आणि एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात असेही. 2019 पर्यंत 737 आतड्यातल्या जिवाणूंचे जनुकसंच संग्रहात जमा झाले. दाते मात्र ब्रिटन आणि उत्तर अमेरिकेतले. भात-भाकरी खाणाऱ्या पोटांचे वेगळे वाचन व्हायला हवे, हे पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समधल्या योगेश शौचे यांच्या गटाने ओळखले होते. एकाच छपराखाली राहणाऱ्या तीन पिढ्यांच्या पोटातले जिवाणू त्यांनी 2012 साली तपासले, आणि पुढच्याच वर्षी माणसाच्या आतड्यातल्या मेगास्फेरा या जिवाणूचा जनुकसंच इतर ठिकाणच्या त्याच्या भावंडांशी ताडून पाहिला. एकत्र कुटुंब ही संशोधनाची सोय ठरू शकते हे परदेशात कुणाला सुचणे कठीणच होते.

संस्थेत माणसे बदलत गेली. सल्स्टन 2000 साली संचालकपदावरून उतरले, 2002 साली कृमीवरच्या कामासाठी त्यांना नोबेल मिळाले, 2018 साली ते गेले. सँगर 2013 साली गेले. पार्कहिल 2019 साली केंब्रिज विद्यापीठात गेले. कोविडच्या साथीत हीच यंत्रे आणि हीच सवय विषाणूकडे वळली. तो वेगळा विषय आहे.

विषमज्वराचा धागा मात्र शेवटपर्यंत न्यायला हवा, कारण तो आपल्या दारापर्यंत येतो. 2015 साली 63 देशांतले 1,832 नमुने वाचल्यावर असे दिसले की टायफीचा एच58 नावाचा एकच वंश दक्षिण आशियातून निघून आफ्रिकेपर्यंत बाकीच्यांना हटवत चालला आहे. 2016 मध्ये पाकिस्तानच्या सिंध प्रांतात जवळजवळ सगळ्याच औषधांना न जुमानणारा टायफॉइड उसळला. कराचीच्या आगा खान विद्यापीठाने नमुने दिले आणि हिंक्स्टनने वाचले : एच58 च, पण एश्चेरिशिया कोलायसारख्या आतड्यातल्या जिवाणूत आढळणारे एक प्लाझ्मिड उचललेला. औषधे संपत चालली तेव्हा लस उरली. टायफीच्या अंगावर ‘व्हीआय’ नावाचे साखरेचे कवच असते. त्याची जनुके सीटी18 मध्ये 2001 सालीच दिसली होती, बाहेरून आलेल्या 134 हजार अक्षरांच्या एका पट्ट्यात; गमावलेल्या 204 जनुकांच्या शेजारी मिळवलेला हा एक ऐवज. हैदराबादेत तयार झालेली संयुग्मी लस याच कवचाविरुद्ध आहे. 2018 साली नवी मुंबई महानगरपालिकेने ती लाखाहून अधिक मुलांना दिली. सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने या लसीची अशी मोहीम राबवण्याची ती जगातली पहिली वेळ. मोहीम हिंक्स्टनमुळे झाली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. डॉक्टर, परिचारिका, महापालिका आणि कारखाना यांचे ते काम.

पॅराटायफॉइड ए च्या जंतूला मात्र हे कवच नाही, त्यामुळे ती लस त्याच्यावर चालत नाही. कराचीत मिळालेल्या त्याच्या एका वाणाचा जनुकसंच हिंक्स्टनने 2009 साली छापला, तेव्हा दिसले की टायफीने गमावलेल्या जनुकांपैकी अनेक जनुके यानेही स्वतंत्रपणे गमावली आहेत. दोघेही फक्त माणसात राहतात, दोघेही सारख्याच वाटेने मोडले. पण कवच एकालाच. दोन्ही रोगांवर मिळून एक लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केली आहे. निरोगी प्रौढांवरच्या तिच्या पहिल्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष 2024 साली ‘लॅन्सेट’मध्ये आले.